समुद्रावर माणूस हरवला, तर जाब कोणी द्यायचा?



तुमच्यापैकी जे शिक्षक असतील त्यांनी मुलांची सहल नेलेली असेलच. एस्टीत बसण्याआधी मुले मोजायची, किल्ला उतरल्यावर पुन्हा मोजायची, आणि एक पोर कमी भरले की छातीत धस्स व्हायचे. चाळीसपैकी एकोणचाळीस आली ना, मग सोडा गाडी, असे कोणी मास्तर म्हणत नाही. पंढरीच्या वारीत लाखांची गर्दी असते. तरी चुकलेल्या म्हातारीचे नाव-गाव कर्ण्यावरून पुकारले जाते. माणूस हरवला की त्याच्यासाठी कोणीतरी थांबते, अशी आपली पक्की समजूत आहे.

आज मी अशा एका जागेविषयी बोलणार आहे की जिथे ही समजूत नेहमीच खरी ठरत नाही. ती जागा म्हणजे हौशी प्रवाशांना समुद्राची सफर घडविणारी मोठी बोट. तिला हल्ली सगळे क्रूझ म्हणतात. ही बोट माल नेत नाही, की कोणाला एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवीत नाही. चार दिवस पाण्यावर राहायचे, दोन-चार बंदरे पाहायची आणि परतायचे, एवढाच तिचा धंदा. सर्वांत मोठ्या बोटींवर पाच हजारांहून अधिक प्रवासी असतात, आणि त्यांच्या दिमतीला हजार-दोन हजार नोकरमाणसे. दुकाने, नाटकगृह, दवाखाना, सारे काही असलेले ते तरंगते गावच म्हणा ना! पण या गावात सरकारी पोलीस ठाणे नसते. पहारेकरी असतात, मात्र त्यांचा पगार बोटीचा मालक देतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बोट बुडाली तर जगाला कळते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ते दुःख कोकणकिनाऱ्यावर अजून सांगितले जाते. पण बोट सुखरूप धक्क्याला लागली, आणि तिच्यातला एकच माणूस उतरला नाही, तर? त्याची हाक कोणी द्यायची?

२००४ सालची गोष्ट. अलास्काच्या सफरीवर गेलेली एक अमेरिकन बाई बोटीवरून नाहीशी झाली. तिची खोली झाडणाऱ्या नोकराच्या लक्षात आले होते की, बाईंचे अंथरूण वापरलेले दिसत नाही. त्याने वरिष्ठाला सांगितले. तू आपले काम कर, असे उत्तर त्याला मिळाले. सफर संपली, बाईंचे सामान गोळा करून ठेवण्यात आले, आणि पोलिसांना कोणी कळविले नाही. मुलीचा पत्ता लागेना म्हणून घरच्यांनी शोध सुरू केला, तेव्हा आठवडे उलटल्यावर त्यांना कळले की ती बोटीवर चढली होती. बापाने पदरचे पैसे घालून गुप्तहेर लावले, कोर्टाची पायरी चढली, तेव्हा कुठे त्या नोकराची साक्ष हाती आली. हा बाप पुढे अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जाऊन बोलला, आणि अशा कुटुंबांनी २००६ साली आपली एक संघटना उभी केली.

यात सर्वांत दुखणारी गोष्ट कोणती? तर वेळ. बोट ताशी २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर वेगाने चालत असेल, तर सहा तासांत ती सव्वादोनशे किलोमीटर पुढे जाते. माणूस पाण्यात पडला तो क्षण ठाऊक नसेल, तर शोधायचे कुठे? म्हणून पहिल्या तासात जे लिहिले जाते, तेच पुढे माणसाला वाचविते. आणि वाचविता आले नाही, तर निदान न्यायाला आधार देते.

आता तुम्ही म्हणाल, “अहो, पण कायदा आहे की नाही?” कायदा आहे, पण तो निशाणामागे चालतो. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी त्या किनाऱ्याच्या देशाचे. त्यापलीकडे खुल्या समुद्रात मुख्य अंमल चालतो तो बोटीवर ज्या देशाचे निशाण असेल त्या देशाचा. मालक एका देशाचा, प्रवासी दुसऱ्या देशाचे आणि निशाण मात्र बहामा, पनामा नाहीतर बर्म्युडा यांचे, असा प्रकार या धंद्यात सर्रास चालतो. तिथे नोंदणी सोपी, कर कमी. गाडी आपल्या गल्लीतली, पण तिचा फौजदार सात समुद्रांपलीकडे, असे झाले ना हे!

२०११ साली काय झाले पाहा. अमेरिकेतून निघालेल्या एका बोटीवर काम करणारी तरुण मुलगी मेक्सिकोजवळच्या समुद्रात नाहीशी झाली. मुलगी ब्रिटनची, बोटीचे निशाण बहामाचे, बंदर अमेरिकेचे. तपासाला आला बहामाचा एकच पोलीस अधिकारी. हजारो माणसांच्या त्या गावात एकट्याने फिरून तो किती जणांना विचारणार? आईबापांच्या प्रश्नांची उत्तरे तशीच राहिली.

अशा घरांनी धोशा लावला म्हणून अमेरिकेने २०१० साली नवा कायदा केला. अमेरिकेच्या बंदरात प्रवासी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मोठ्या बोटींना तो लागू आहे, मग निशाण कोणाचेही असो. कठडा निदान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट उंच हवा. खोलीच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल असे भोक हवे. तक्रारींची नोंदवही हवी. अमेरिकन नागरिक बेपत्ता झाला, तर तिथल्या केंद्रीय तपासखात्याला, एफबीआयला, ताबडतोब कळविलेच पाहिजे. माणूस पाण्यात पडताच इशारा देणारे यंत्र बसवावे, असेही कायदा म्हणतो. पण “असे यंत्र उपलब्ध असेल तर” अशी पुस्ती जोडून. या पुस्तीतून कितीजण निसटत असतील, हे सांगायला वकील नको.

भरपाईचे तर आणखी कठीण. खुल्या समुद्रातील मृत्यूंसाठी अमेरिकेचा १९२० चा कायदा आहे. त्यात मुख्यतः पैशाचे नुकसान मोजले जाते. कमावता गेला तर त्याच्या कमाईचा हिशेब. पण म्हातारी आई गेली, शाळकरी पोर गेले, तर हिशेब जवळजवळ कोरा. २००० साली विमान-अपघातांपुरता हा नियम सैल केला. बोटीच्या प्रवाशांना तो तसाच राहिला. शिवाय तिकिटामागची बारीक अक्षरे असतात. दावा कोणत्या गावच्या कोर्टात लावायचा, हे त्यांत छापलेले असते, आणि १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी अट बंधनकारक ठरविली. दावा लावण्याची मुदतही एका वर्षापर्यंत आखूड करण्याची मालकाला तिथल्या कायद्याने मोकळीक आहे. दुःख ओसरेपर्यंत मुदत संपते, बरं का.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बेपत्ता झालेला प्रत्येक माणूस कोणी ढकललेलाच असतो, असे नाही. कोणी दारूच्या भरात कठड्यावर चढतो, कोणी मनाने खचून जीव देतो. त्या साऱ्याचे खापर मालकावर फोडणे रास्त नाही. पण यातले काय घडले, हे ठरवायचे कोणी? ज्याच्या पगारावर पहारेकरी आहेत, ज्याच्या कपाटात कॅमेऱ्याची चित्रे आहेत, त्यानेच आपला निकाल द्यावा काय? माझे म्हणणे इतकेच आहे: माणसे मोजण्याचे काम ज्याने अंगावर घेतले, त्याने एक कमी भरताच थांबले पाहिजे, लिहिले पाहिजे आणि आपल्या पगारावर नसलेल्या माणसाला बोलावले पाहिजे.

हे सगळे परदेशातले आहे, आम्हांला त्याचे काय, असे म्हणू नका. कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी मुले याच बोटींवर स्वयंपाकी, वाढपी, खलाशी म्हणून राबतात. त्यांच्यावर निशाण परक्याचे आणि घर इथे. भारतात नोंदलेल्या बोटीवर कुठेही गुन्हा घडला तरी आपला कायदा पोचतो, आणि भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेल्या गुन्ह्यालाही तो पोचतो. पण परक्या निशाणाच्या बोटीवर, खुल्या समुद्रात, परक्या माणसाने आपल्या मुलाला इजा केली, तर आपला हात आखडतो.

आणि प्रेत सापडले नाही तर? सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, तो मेला असे मानावे, असा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तोच आहे. सात वर्षे! तोवर बायकोने कुंकू लावावे की पुसावे? सातबाऱ्यावर वारसाची नोंद, विम्याचे पैसे, सारे अडून राहते. परिस्थितीचा भक्कम पुरावा असेल, तर मृत्यू झाला असा निष्कर्ष कोर्टाला आधीही काढता येतो. हा पुरावा म्हणजे काय? तर बोटीवरची ती पहिल्या तासाची नोंद. म्हणजे दूर समुद्रात एका वहीत चार ओळी लिहिल्या की नाहीत, यावर इथल्या एका घराची सात वर्षे अवलंबून असतात.

म्हणून काही गोष्टी गाठीला बांधा. मुलगा बोटीवर जाणार असेल, तर मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या एजंटामार्फतच पाठवा. नोकरीच्या कराराची प्रत घरी ठेवा. बोटीचे नाव आणि निशाणाचा देश वहीत लिहून ठेवा. सफरीला जाणाऱ्या प्रवाशाच्या घरीही तिकिटाची प्रत असू द्या. खबर तुटली, तर वाट पाहत बसू नका. कंपनी, महासंचालनालय आणि त्या देशातली आपली वकिलात यांना तारीख-वेळ घालून लेखी कळवा, आणि कॅमेऱ्याची चित्रे जपून ठेवावीत अशी लेखी मागणी करा. गुन्ह्याचा संशय असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हद्दीचे कारण सांगून गंभीर गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही, असे नवी संहिता सांगते. आणि हेही लक्षात असू द्या की, बोटीच्या कामकाजात कोणाचा जीव गेला, तर २०१७ च्या नौअधिकरण कायद्याने मुंबई उच्च न्यायालयाला आपल्या पाण्यात आलेली परकी बोटही अडकवून ठेवता येते.

जगाचा कायदाही हळूहळू सरकतो आहे. सागरी कामगारांच्या २००६ च्या कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्या करारात २०२२ साली भर पडली, की बोटीवरील कामगाराच्या प्रत्येक मृत्यूची नीट चौकशी व नोंद झाली पाहिजे. २०२४ च्या डिसेंबरात ती अमलात आली. प्रवाशांसाठी मात्र अशी सर्व देशांना बांधणारी ठाम तरतूद व्हायची आहे.

शिक्षक मित्रहो, तुम्हांला शेवटी एक विनंती. गावात इंग्रजी करार आला की तो वाचून घ्यायला लोक तुमच्याच ओट्यावर येतात. तेव्हा पगाराचा आकडा वाचून थांबू नका. निशाण कोणाचे, मुदत किती, कोर्ट कुठले, हेही वाचून दाखवा. सहलीच्या गाडीत तुम्ही मुले मोजता ना, तशीच ही मोजणी समजा.