मतदारसंघाची रेघ आणि न्यायालयाचा उंबरठा

मताचा हक्क म्हटला की मतदार यादी आठवते, केंद्रावरची रांग आठवते, बोटावरची शाई आठवते. मतदारसंघाची हद्द सहसा कोणाला आठवत नाही. पण यादीतले नाव शाबूत ठेवून आणि बोटाला शाई लावूनही एखाद्याचे मत निष्फळ करता येते. हद्द थोडी सरकवली की पुरते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे गाव आहे. त्याची चौकोनी हद्द 1957 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून 28 बाजूंची केली. सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच जण सोडून बाकी सारे गावाबाहेर पडले, गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही, अशी फिर्याद होती. हे खरे ठरले तर कायदा घटनाबाह्य आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर हेच 1946 मध्ये बजावत होते की, मतदारसंघांच्या राजकीय काटेरी रानात न्यायालयाने शिरू नये. टस्कीगीचा नकाशा समोर आल्यावर त्यांनाही शिरावे लागले.

न्यायालयाने हद्दींच्या प्रश्नापासून दूर राहावे की नाही, याचे एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही, हे मला आज मांडायचे आहे. रेघ कोण आखतो, यावर ते उत्तर ठरते. जो त्या रेघेच्या आत निवडणूक लढवणार नाही, त्याने ती आखली असेल, तर न्यायालयाचा संयम समजण्यासारखा आहे. लढवणाऱ्यानेच आखली असेल, तर तो संयम एका पक्षाच्या पदरात पडतो.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही रेघ विधिमंडळच आखते. 1964 च्या रेनॉल्ड्स खटल्यापासून मतदारसंघांची लोकसंख्या समान असावी, हा नियम पक्का झाला. अलाबामाच्या वरिष्ठ सभागृहात तोवर दोन मतदारसंघांमधली तफावत 41 पटींपर्यंत गेली होती. डोकी मोजणे सोपे होते, ते न्यायालयाने नेटाने केले. पण डोकी समान ठेवूनही विरोधकांचे मतदार एका मतदारसंघात कोंबता येतात, नाहीतर दहा मतदारसंघांत विखरून टाकता येतात. उत्तर कॅरोलिनात 2016 मध्ये हेच उघडपणे झाले. नकाशा करणाऱ्या समितीच्या प्रमुख आमदाराने सांगून टाकले की 13 पैकी 10 जागा आपल्या पक्षाला मिळतील अशी आखणी केली आहे, कारण 11 मिळवणे शक्य दिसत नाही. पक्षाला सुमारे 53 टक्के मते पडली आणि जागा बरोबर 10 मिळाल्या. हे प्रकरण 27 जून 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी निकालात निघाले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी असे नकाशे लोकशाहीच्या तत्त्वांशी विसंगत असल्याचे मान्य केले, मात्र किती पक्षपात म्हणजे अति, हे मोजायला न्यायालयाकडे माप नाही, म्हणून संघीय न्यायालयांनी यात पडू नये, असे ठरवले. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि 2022 मध्ये न्यायालयीन नकाशावर सात-सात जागा आल्या. त्याच वर्षी त्या न्यायालयातले बहुमत बदलले, 2023 मध्ये निकाल फिरवला गेला, विधिमंडळाने नवा नकाशा केला, आणि 2024 मध्ये जागा दहा-चार झाल्या. मतदार तेच होते आणि राज्यही तेच होते.

आपल्याकडे गोष्ट उलट दिशेने सुरू होते. घटनेच्या 329 व्या अनुच्छेदाने मतदारसंघ पुनर्रचनेच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केली. उज्जैनची लोकसभेची जागा राखीव झाली तेव्हा मेघराज कोठारी न्यायालयात गेले; 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मतदारसंघ पुनर्रचना आयोगाचा प्रसिद्ध झालेला आदेश कायद्याइतकाच अंतिम आहे, नाहीतर दर मतदार खटला भरेल आणि निवडणूक लांबतच जाईल. हा निकाल मला योग्य वाटतो, पण त्यामागचा आधार विसरून चालणार नाही. 2002 च्या कायद्यानुसार आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती असतात. खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मत नाही, सहीही नाही. आदेश सभागृहापुढे ठेवला जातो, तरी तिथे त्यात काना-मात्रेचाही बदल करता येत नाही. रेघ लढणाऱ्यांच्या हाती नाही, म्हणून न्यायालय लांब राहू शकते. एवढे असूनही 2024 मध्ये गुजरातमधल्या बारडोलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आदेश उघडउघड मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर तो तपासायला 329 आडवे येत नाही.

आता महापालिकांकडे या. 243 झेडजी या अनुच्छेदाने प्रभागांच्या कायद्यांनाही तसेच कुंपण घातले आहे. पण कुंपणाच्या आत कोण आहे? मार्च 2022 मध्ये महाराष्ट्राने प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतले. मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 झाले होते. सत्तांतरानंतर ऑगस्ट 2022 मध्ये ते पुन्हा 227 झाले, आणि दोन्ही वेळा जनगणना 2011 चीच होती. इतर शहरांत 2017 मध्ये चार सदस्यांचा प्रभाग होता, 2021 मध्ये तीन सदस्यांचा ठरला, 2022 मध्ये पुन्हा चारचा. यात कोणत्याही एका पक्षाला दोष देऊन भागणार नाही, कारण सत्तेवर आलेल्या प्रत्येकाने हे केले. अंतिम मंजुरी आयोग देतो, हे खरे. पण आराखडा आयुक्त करतात, तो नगरविकास विभागातून जातो, आणि नगरसेवकांची मुदत संपल्यावर ते आयुक्तच सरकारने नेमलेले प्रशासक असतात. उज्जैनच्या निकालातला संयम इथे जसाच्या तसा लावणे मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप विलंबाचा आहे आणि तो वजनदार आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि निवडणुका घ्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी द्यावा लागला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद त्यात होताच, पण प्रभागांची वारंवार मोडतोडही होती. मात्र ही मोडतोड सरकारने केली, खटल्यांनी नाही. दुसरा आक्षेप रॉबर्ट्स यांचा, मापाचा. त्याला उत्तर त्याच खटल्यात न्यायमूर्ती केगन यांच्या विरोधी मतात आहे. एका अभ्यासकाने राज्याचे प्रचलित निकष पाळून, पक्षाचा विचार न करता, संगणकावर 3000 नकाशे तयार केले होते. त्यातल्या प्रत्येक नकाशात विरोधी पक्षाला प्रत्यक्षापेक्षा किमान एक जागा जास्त मिळत होती. तीन हजारांत एकही नकाशा सरकारी नकाशाइतका एकतर्फी निघू नये, याहून स्पष्ट माप कोणते हवे?

म्हणून मागणी मोठी नाही. प्रभागाचा पहिला आराखडा राज्य निवडणूक आयोगाने स्वतः करावा. तो जनगणना झाल्यावर एकदाच व्हावा, सत्तांतर झाले म्हणून पुन्हा नव्हे. हरकतींवरच्या निर्णयाची कारणे लेखी द्यावीत, कारण कारणांशिवाय मनमानी सिद्ध करणार कशी? आणि आव्हान द्यायचे ते निवडणुकीची अधिसूचना निघण्याआधी, ठरलेल्या मुदतीत. त्यानंतर मात्र न्यायालयाने कोणाचेही ऐकू नये.