विकत घेतलेली प्रत आणि परवान्याची मर्यादा
(किनवट तालुक्यातील इस्लापूर येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले भाषण)



विकत घेतलेले पुस्तक वाचून झाल्यावर आपण ते निम्म्या किमतीत दुसऱ्यास विकू शकतो. कायद्याची त्यास आडकाठी नाही. मात्र मोबाईलवर पैसे भरून घेतलेला प्रश्नसंच किंवा सॉफ्टवेअर यांना हाच न्याय लावणे धोक्याचे ठरेल.

पुस्तक दिले की ते आपल्या हातून जाते. फाईल पाठविली तरी ती आपल्याकडे राहतेच. दुसऱ्याकडे नवी प्रत तयार होते. प्रत काढण्याचा, ती संगणकात साठविण्याचासुद्धा, अधिकार १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने हक्कधारकाकडे ठेवला आहे. आपण बहुधा वस्तू घेत नसून वापराची परवानगी, म्हणजेच परवाना, घेत असतो. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२१ मध्ये सॉफ्टवेअरवरील कराच्या प्रकरणात स्पष्ट केले की, मर्यादित वापरासाठी प्रत घेणाऱ्याकडे स्वामित्वहक्क येत नाही. परवाना किती दुबळा असू शकतो, हे जुलै २००९ मध्ये अमेरिकेत दिसले. ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले. पुस्तके मात्र गेली.

हल्ली ‘पुनर्विक्रीच्या हक्कासह’ असे सांगून शेकडो फायलींचे संच अल्प दरात विकले जातात. बेरोजगार तरुण ते घेऊन पुढे विकू पाहतात. येथे एकच प्रश्न महत्त्वाचा: विकणाऱ्याकडे तो हक्क मुळात होता काय? ज्याच्याजवळ जे नाही, ते तो दुसऱ्यास देऊ शकत नाही. साखळीतील पहिला दुवा खोटा असेल, तर शेवटच्या माणसाची पावतीही त्यास वाचवीत नाही. चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाही कलम ६३ ब अन्वये दंडनीय गुन्हा आहे.

फुकट मिळाले म्हणजे हक्क सुटला, हाही गैरसमजच होय. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. म्हणून ती छापून विकता येत नाहीत. वर्गातील अध्यापनासाठी मात्र शिक्षक व विद्यार्थ्यांना कायद्याने सवलत दिली आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्य सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली निवर्तले; त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले आहे.

आपण निर्मातेही आहोत, हे विसरू नये. शिक्षकाने स्वतः गोंडी किंवा बंजारा बोलीत पाठ तयार केला, तर त्याचा हक्क मोलाचा आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मात्र, वेगळा करार नसल्यास, नियोक्त्याचे ठरते. हक्क वा परवाना देताना लेखी करार करावा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे कायदा मानतो.

ग्रामपंचायतीने वा शाळेने खरेदीपूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: हक्कधारक कोण, वापर किती यंत्रांवर व किती काळ, आणि दुसऱ्यास देण्याची मुभा आहे काय. उत्तरे परवान्यासह दप्तरी ठेवावीत. सार्वजनिक पैशाचे रक्षण त्यानेच होईल.