पुरावा कुणाच्या आईचा?

(कर्जत-खालापूर भागातल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज विषय दिला आहे ‘ज्यू मूल्यं आणि ओळख’. विषय ऐकून काहीजणींच्या मनात आलं असेल, याचा आणि आपल्या रेशनकार्डाचा, जातीच्या दाखल्याचा, वीटभट्टीच्या उचलीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो बाईपणातून जातो. तो मांडायलाच मी उभी आहे.

मी बेने इस्राएल. माहेर पेण तालुक्यातलं, सासर पनवेलचं, आणि नोकरी शिक्षिकेची, ती बहुतेक सगळी कर्जत तालुक्यात. पनवेलचं आमचं प्रार्थनालय १८४९ सालचं, पेणचं १८६३ सालचं. आमची आडनावं बघा. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, दिवेकर. गावाला ‘कर’ जोडून नाव होतं ते तुमचं तसंच आमचं. आमची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा हळूहळू गेली. उरली ती ‘शेमा’ ही देव एकच असल्याची प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची सुट्टी. कोकणात आमचे लोक तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं ‘शनिवार तेली’. या नावात टोचून बोलणं किती आणि ओळख किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण एवढं खरं, की त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही विश्रांती होती.

आता पहिला प्रश्न. पोथी नव्हती, शिकवणारा नव्हता, मग धर्म टिकवला कुणी? आमच्या सणांची जुनी नावं ऐका. नव्याचा सण. खिरीचा सण. दारफळणीचा सण. बिरड्याचा रोजा. खिरीच्या सणाला नव्या धान्याची, नारळाच्या दुधातली खीर. बिरड्याच्या रोजाला वालाचं बिरडं. दारफळणी म्हणजे दारं लावून दिवसभराचा कडक उपास. नंतर शिकलेले लोक आले आणि म्हणाले, अहो, हा तर रोश हशाना, हा योम किप्पूर, हा तिशा बआव. बरोबरच आहे त्यांचं. पण ती नावं पुस्तकातून आली, आणि ही नावं चुलीपासून आली. सण कधी आला, काय भिजत घालायचं, काय शिजवायचं नाही, मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नाही, हे ज्या बायांना पाठ होतं त्यांनी पंचांग डोक्यात सांभाळलं. एलियाहू हनबीच्या नावानं मलिदा करतात, त्याचे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची बायांच्याच हातचं. आशीर्वाद मात्र पुरुष म्हणतात. हे तुमच्याही घरात असंच असतं ना? पूजेची तयारी बाईची, पूजा त्याची.

पुण्यात १८७४ साली आमच्या वल्हांडणाच्या सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यात एक चित्र आहे. लुगडं नेसलेल्या बाया खाली बसून बिनखमिराच्या भाकरी करताहेत. मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट, आणि चित्रात आपल्याकडच्या बाया. मला ते चित्र फार आवडतं. गुलामीतून सुटका ही गोष्ट कुणा परक्यांची नाही, हे त्या चित्रकारानं न बोलता सांगून टाकलं.

मूल्यांबद्दल बोलायचं तर मला शनिवार सगळ्यात मोठा वाटतो. आठवड्यातून एक दिवस कुणीही कुणाला कामाला जुंपायचं नाही. हा नियम हजारो वर्षांपूर्वी सांगितला गेला आणि त्यात नोकर, दासी, जनावर, दारी आलेला परका या सगळ्यांची नावं घेऊन सुट्टी दिली. मालकाच्या मर्जीवर ठेवली नाही. वीटभट्टीवरच्या बाईला आजही हक्काची सुट्टी मिळत नाही, हे लक्षात घेतलं तर या नियमाचं मोल कळेल. पण ती यादी एकदा नीट वाचा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, नोकर, दासी, गुरंढोरं, परका. बायको कुठे आहे? पंडित सांगतात, ‘तू’ म्हणजे नवराबायको दोघंही. असेलही. पण आमच्या घरी शनिवारी विस्तव पेटवायचा नाही म्हणून शुक्रवारी दुपट्ट राबायचं कुणी, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. म्हणून मी म्हणते, मूल्य चांगलंच आहे, फक्त ते यादीत राहिलेल्या माणसापर्यंत पोचवायचं आहे. धर्म टाकून द्या असं मी म्हणत नाही. धर्माला आपला हिशेब विचारा, असं म्हणते.

दुसरा हिशेब दहा माणसांचा. आमच्याकडे सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. जुन्या रीतीनं हे दहाही पुरुष. १९४८ नंतर आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेले. तेव्हा आम्ही सुमारे वीस हजार होतो. २०११च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून ज्यू पाच हजारांच्या आत भरले. कोकणातल्या गावांत आता दहा पुरुष जमायची मारामार. तिथे आठ पुरुष आणि बारा बाया जमल्या, तरी ‘माणसं भरली नाहीत’ म्हणतात. वीस जण समोर उभे, आणि माणसं भरली नाहीत! जगातल्या उदारमतवादी ज्यू पंथांत बायांना मोजतात. आपल्याकडेही वाट दाखवणारी बाई होऊन गेली. डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच बाईंनी १९२५ साली मुंबईत उदारमतवादी ज्यूंची संघटना सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. हजारो बायांची बाळंतपणं सुखरूप करणाऱ्या बाईला जुन्या रीतीत दहातली एक म्हणून मोजायला जागा नव्हती.

आता ज्यासाठी हे सगळं सांगते आहे तिथे येते. ज्यू कोण? धर्मशास्त्र सांगतं, ज्याची आई ज्यू तो ज्यू. ऐकायला किती छान! आईवरून ओळख. पण याची दुसरी बाजूही बघा. आमच्यातच पूर्वी गोरे आणि काळे असा भेद होता. कातडीच्या रंगाचा तो नव्हता. आमच्या पुरुषानं जातीबाहेरच्या बाईशी संबंध ठेवला, तर तिची मुलं ‘काळे इस्राएल’. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, जेवणाखाण्यातही अंतर. पुरुष होता तिथेच राहिला, डाग आईचा आणि मुलांचा. हा भेद पुढे मोडत गेला हे चांगलं झालं, पण तो आमच्यात होता हे लपवू नये.

आणि मग जे आम्ही इतरांशी केलं तेच आमच्या वाट्याला आलं. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं. बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी बाकीच्या ज्यूंशी लग्न करणार असेल, तर तिची किंवा त्याची आई, आईची आई आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासायच्या. शंका काय? की कोकणात राहून यांनी बाहेर लग्नं केली असतील, धर्माचा काडीमोडीचा कागद न घेता बायांनी पुन्हा लग्न केलं असेल. तो कागद, ‘गेट’ म्हणतात त्याला, द्यायचा नवऱ्यानं. न दिला तर बाई अडकली. म्हणजे कागद त्याच्या हातात आणि संशय तिच्या कुळावर! आमचे लोक गप्प बसले नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं, बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, असं जाहीर केलं आणि धर्मपीठाला फर्मानातून आमचं नाव काढावं लागलं.

आता सांगा, ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटते की नाही? आपल्या कातकरी, ठाकर वाड्यांतल्या मुलीला अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल, तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जी माणसं दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, ज्यांच्या आजोबांनी शाळेची पायरी पाहिली नाही, त्यांच्याकडे १९५०चा कागद कुठून येणार? आणि पडताळणीत नातेवाईक धरतात ते वडिलांकडचे. टाकलेल्या बाईनं, एकटीनं वाढवलेल्या मुलीनं बापाचे कागद आणायचे कुठून? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वेगवेगळ्या जातींतल्या आईबापांच्या मुलाला बापाचीच जात लागते असं धरून चालू नये. ते मूल आईच्या समाजात, त्याच हालअपेष्टांत वाढलं का, हे पाहावं. हा निकाल आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे?

तिकडे आईचा पुरावा मागतात, इकडे बापाचा. पण खेटे दोन्हीकडे बाईनंच घालायचे. ‘आईवरून ओळख’ म्हटल्यानं बाईला सत्ता मिळते असं नाही. ओळख कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या टेबलामागे ती बसली, तर मिळते.

थोडं भाषेबद्दल. लोद, रामला, अश्दोद, दिमोना या इस्राएलमधल्या गावांत आजही मराठी कानावर पडते. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघालं. पण नातवंडांची भाषा हिब्रू झाली, त्यांना देवनागरी येत नाही. माझी मावशी तिकडे आहे. तिला लिहिणं जेमतेम येतं, म्हणून पूर्वी पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, आणि मनातलं मनातच राहायचं. आता ती फोनवर आवाज भरून पाठवते. सासूबद्दलसुद्धा बोलते! मला वाटतं, न लिहिणाऱ्या बायांना या फोननं प्रथमच स्वतःच्या आवाजातलं पत्र दिलं. कातकरी बोलीचंही तसंच करता येईल. आज वाडीतली म्हातारी जे सांगते ते उद्या सांगायला कुणी नसेल.

त्याच फोनवर दुसरंही येतं. ऑक्टोबर २०२३पासून मला अनोळखी लोक विचारतात, ‘तुम्ही कुणाच्या बाजूच्या?’ कुणी शिव्या देतं, कुणी दुसऱ्या धर्माला शिव्या द्यायला मला साक्षीला ओढतं. सात ऑक्टोबरला मारल्या गेलेल्या माणसांसाठी मी रडले, आणि गाझातल्या आयामुलांसाठीही रडते. यातलं एक रडणं खरं असायला दुसरं खोटं असावं लागत नाही. मी ज्यू आहे म्हणून एका सरकारच्या कृत्याचा जाब मला का? आपल्या मुसलमान मैत्रिणींना असा जाब किती वर्षं विचारला जातो आहे, हे मला यानंतर जास्त कळलं.

शेवटी कामाचं बोलू. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लिहायचं ठरलं आहे. ही चांगली सुरुवात. आपण पुढचं पाऊल टाकू. प्रत्येक गटानं एक वही करावी. त्यात प्रत्येकीनं आपली आई, आजी, पणजी, त्यांची माहेरची गावं आणि त्या काय काम करत हे लिहावं, जिला लिहिता येत नाही तिचं ऐकून लिहावं. कचेरीत ही वही चालेल असा माझा दावा नाही. पण साक्षीदार कोण, जुनी शाळा कुठली, कुठल्या वाडीत विचारायचं, हे तिच्यातून सापडेल. आणि एकट्या बायांच्या मुलांचे अडलेले दाखले एकेकटीनं घेऊन जाऊ नका. दोन्ही तालुक्यांतले गोळा करून एकत्र घेऊन जाऊ, सोबत तो २०१२चा निकाल ठेवू. आज जेवणानंतर नावं लिहून घ्यायला मी थांबणार आहे.