दयेकडून हक्काकडे : शाळा, चर्च आणि दारिद्र्य

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१७ ऑक्टोबर हा दिवस जगभर दारिद्र्य निर्मूलन दिन म्हणून पाळला जातो. १९८७ मध्ये याच तारखेला पॅरिसमध्ये, फादर जोझेफ व्रेसिन्स्की या स्वतः दारिद्र्यात वाढलेल्या धर्मगुरूच्या हाकेवरून सुमारे लाखभर माणसे जमली होती. दारिद्र्य म्हणजे मानवी हक्कांचे उल्लंघन होय, ही गोष्ट तेथे शिळेवर कोरली गेली. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्या दिवसाला मान्यता दिली. पुढे या दिवसाच्या निमित्ताने क्षणभर दारिद्र्याविरुद्ध उभे राहण्याची एक मोहीम निघाली. २००९ मध्ये जगभरच्या शाळा, चर्च आणि मैदाने यांतून १७ कोटींहून अधिक माणसे अशी उभी राहिल्याची नोंद आहे.

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी एवढेच विचारील की, दुसऱ्या क्षणाला काय झाले? माणसे खाली बसली, प्रार्थना संपली, शाळेची घंटा झाली. जागतिक बँकेच्या २०२५ च्या अंदाजानुसार क्रयशक्तीच्या हिशेबाने दिवसाला तीन डॉलरसुद्धा ज्यांच्या वाट्याला येत नाहीत, अशी माणसे आजही ८० कोटींच्या घरात आहेत. उभे राहणे ही सुरुवात असू शकते. ती कृती नव्हे. शाळा आणि चर्च यांनी दारिद्र्याविरुद्ध उभे राहावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा आजचा प्रश्न आहे.

नागपूरइतके हा प्रश्न विचारण्यास योग्य शहर क्वचितच सापडेल. १८४५ मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप येथे आले आणि या भागातील आधुनिक शिक्षणाचा एक पाया घातला गेला. १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे एकीकरण होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, ते याच नगरीत. भारतातील राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्य कार्यालयही येथेच आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी निर्धन माणसांनी बाबासाहेबांच्या मागोमाग आपला जुना धर्म टाकला, ती दीक्षाभूमीही येथलीच.

याच शहराच्या इतिहासात एक वादही आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. नागपूर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये, मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. १९५६ च्या अहवालात समितीने असा ठपका ठेवला की, शाळा, दवाखाने आणि अनाथालये यांचा उपयोग गरिबांना धर्मांतराकडे ओढण्यासाठी होतो. तेव्हापासून आजतागायत, ख्रिस्ती संस्थेने गरिबासाठी काही केले की ‘हे आमिष आहे’ हा आरोप तयारच असतो.

या आरोपाच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. गरीब माणसाला स्वतःचे मत नसते, तो भाकरीच्या तुकड्याला विकला जातो, असे ते गृहीत. त्याचे उत्तर अहवालाच्याच वर्षी दीक्षाभूमीवर मिळाले. तेथे आलेल्या माणसाला कोणी धान्य दिले नव्हते की पैसा दिला नव्हता. उलट पदरमोड करून, भाकरी बांधून तो आला होता. त्याला हवी होती प्रतिष्ठा. आणि इतिहासाचा योगायोग असा की, बाबासाहेबांच्या त्या सोहळ्यात बौद्ध धम्माचा स्वीकार करणाऱ्यांत स्वतः नियोगीही होते!

तरीसुद्धा आरोप चुकीच्या गृहीतावर उभा आहे म्हणून दानधर्माची पद्धत निर्दोष ठरत नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, हे दानाचे अंगभूत लक्षण आहे. देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका येण्यास जागा राहते, ती त्यामुळेच. हक्काचे तसे नसते. किमान वेतन मागणाऱ्या कामगाराला कोणी ‘तुला आमिष दाखविले’ असे म्हणत नाही. जे देणे लागते तेच मिळते, तेथे उपकार नाही आणि म्हणून संशयही नाही. शाळा आणि चर्च यांनी दयेकडून हक्काकडे जाणे हे गरिबांच्या हिताचे आहेच; आज ज्या संशयाच्या वातावरणात या संस्था वावरत आहेत, त्यातून बाहेर पडण्याचीही तीच खरी वाट आहे.

ही वाट परकी नाही. नागपूरपासून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, एका ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाने ती आखून ठेवली आहे. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास करताना भारताच्या दारिद्र्याचे मूळ त्यांना ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चात सापडले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केले की, येशूचे नाव घ्यावयाचे तर अन्यायी सत्तेच्या बाजूला उभे राहता येणार नाही. त्यावरून कलकत्त्याचे बिशप वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा वाद झाला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९३९ च्या सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडातील उद्योगांची पाहणी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते.

कुमारप्पांनी अर्थव्यवस्थांचे प्रकार पाडले. दुसऱ्याच्या जिवावर जगणारी आणि दुसऱ्याला लुटणारी, या त्यांत सर्वांत खालच्या. सेवेवर उभी असलेली सर्वांत वरची. आपल्या ताटातील वस्तू कोणाच्या श्रमातून आली आणि त्याला तिचे काय मोल मिळाले, हा प्रश्न त्यांच्या मते आर्थिक होता तसाच धार्मिकही होता. ज्या चर्चमध्ये तो विचारला जात नाही, तेथील उपासना त्यांना अपुरी वाटे.

हा प्रश्न आजच्या विदर्भात विचारून पाहावा. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव यवतमाळात ठरत नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदाने देते, त्यामुळे जागतिक बाजारातील किंमत दबते, ही तक्रार २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडली ती बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी. २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर करावी लागली, कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नव्हत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले, तेही नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर. मालीचा शेतकरी आणि यवतमाळचा शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण एकाच दोरीने बांधलेले आहेत. जागतिक दारिद्र्य म्हणतात ते हेच. ते दूरच्या देशात नाही. ते जिनिंगच्या वजनकाट्यावर आहे.

येथे शाळेचे काम सुरू होते. नववीच्या वर्गाला एक क्विंटल कापसाचा हिशेब मांडावयास सांगावा: बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सावकाराचे व्याज, हाती आलेला भाव. मुलांनी गावी जाऊन आकडे आणावेत, भूगोलाच्या तासाला नकाशावर माली शोधावा आणि गणिताच्या तासाला शेतकऱ्याच्या हाती काय उरले ते काढावे. अशा एका तासाने मुलाला जे कळेल, ते दहा वेळा उभे राहून शपथ घेतल्याने कळणार नाही.

चर्च काय करू शकते, याचाही दाखला आहे. दर पन्नासाव्या वर्षी गहाण जमिनी मूळ मालकाला परत कराव्यात आणि दास मुक्त करावेत, अशी योजना ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रात आहे. तिचाच आधार घेऊन १९९० च्या दशकात चर्चमधील सामान्य माणसांनी गरीब देशांच्या कर्जमुक्तीची चळवळ उभारली. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये श्रीमंत राष्ट्रांची शिखर परिषद चालू असताना सुमारे ७० हजार माणसांनी हातात हात घालून साखळी केली. पुढच्याच वर्षी कोलोन येथे त्या राष्ट्रांना कर्जमाफीची व्याप्ती वाढवावी लागली. ही भीक नव्हती. हिशेब मागितला गेला होता आणि म्हणूनच तो काही अंशी चुकता झाला.

परंतु जगाचा हिशेब मागणाऱ्याने आधी घरचा हिशेब दिला पाहिजे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, असे त्यात आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांना यातून सोडविले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मात्र अल्पसंख्याकांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच या कायद्यातून संपूर्ण वगळले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची विनंती केली.

अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा घटनेने दिलेला अधिकार समाजवाद्यांनी प्राणपणाने जपला पाहिजे. त्यात तडजोड नाही. पण कायद्याने सूट दिली म्हणून सदसद्विवेकबुद्धीनेही सूट दिली, असे होत नाही. शहरात महापालिकेच्या कित्येक मराठी शाळा बंद पडल्या. अशा वेळी नामांकित मिशनरी शाळेने सक्ती नसताना चौथा हिस्सा झोपडपट्टीतील मुलांसाठी ठेवला, त्यांना त्याच वर्गात, त्याच बाकावर बसविले, तर त्यापेक्षा मोठे प्रवचन कोणते? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले होते की, शिक्षणाचा खर्च शेतकऱ्याच्या घामातून निघतो आणि लाभ वरच्यांना होतो. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या त्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न आज मिशनच्या शाळांनाही लागू आहे.

असेच आणखी प्रश्न आहेत. शाळेचे आवार झाडणाऱ्या बाईला किमान वेतन मिळते काय? ठेकेदाराच्या हाताखालच्या चौकीदाराला भविष्यनिर्वाह निधी आहे काय? रविवारी उपासनेला येणाऱ्या सुखवस्तू कुटुंबात मोलकरणीला आठवड्याची सुट्टी असते काय? चर्चचा जमाखर्च मंडळींपुढे उघडा ठेवला जातो काय? हे प्रश्न केवळ ख्रिस्ती संस्थांचे नाहीत. मंदिर, मशीद, विहार आणि समाजवाद्यांच्या स्वतःच्या शिक्षणसंस्था, सर्वांना ते विचारावयाचे आहेत.

शेवटी कार्यकर्त्यांविषयी. डाव्या चळवळीने धर्मसंस्थांकडे बव्हंशी पाठ फिरविली. धर्माच्या नावाने द्वेष पेरणाऱ्यांनी मात्र ती चूक केली नाही. ते प्रत्येक प्रार्थनास्थळाच्या पायरीशी जाऊन बसले. कार्यकर्त्याने शाळेत आणि चर्चमध्ये जावे, पण झेंडा घेऊन नव्हे आणि मताच्या आशेनेही नव्हे. मुख्याध्यापकांना कापसाच्या हिशेबाचा तास सुचवावा. धर्मगुरूंकडे मोलकरणींच्या सभेसाठी सभागृह मागावे. पंचवीस टक्क्यांचा प्रश्न सभ्यपणे, पण पुन्हा पुन्हा विचारावा. नकार मिळाला तरी दार उघडे ठेवून परत यावे. आणि या संस्थांवर खोटा आरोप होईल, जमाव चालून येईल, तेव्हा मात्र न बोलावता त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहावे.

ते उभे राहणे एका क्षणाचे नसेल.