एका छताखाली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचे स्मरण करण्याची प्रथा आहे. हातात पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलेल्या आणि त्यातून ही वास्तू उभी केलेल्या पिढीचे ऋण आमच्या आधीच्या वक्त्यांनी योग्य शब्दांत व्यक्त केले आहे. त्यात भर घालण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो ते याच वास्तूच्या पुढील वाटचालीकडे.

गणेशोत्सवाचे दहा दिवस, संक्रांतीचे हळदीकुंकू, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि अधूनमधून एखादी मुंज किंवा साखरपुडा, एवढे प्रसंग सोडले तर आपले सभागृह दिवसा कुलूपबंद असते. दुसरीकडे, २०२० नंतर आपल्या कित्येक घरांत जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून परगावच्या कंपनीचे काम करणारी तरुण मुले दिसू लागली आहेत. कोणी भाषांतरे करते, कोणी पुस्तकांची मुखपृष्ठे रेखाटते, कोणी हिशेब सांभाळते. काम आहे, मिळकत आहे. पण दिवसभर दोन शब्द बोलायला शेजारी माणूस नाही. ही मुले मंडळात येत नाहीत अशी आपली तक्रार असते. त्यांनी यावे असे आपण वर्षाकाठी चार-दोन दिवसच काही करतो, हेही तितकेच खरे आहे.

सभागृहाचा खालचा मजला दीर्घ मुदतीने भाड्याने द्यावा, अशी सूचना सध्या कार्यकारिणीपुढे आहे. ती गैर नाही. मंडळालाही खर्च आहेतच. परंतु निर्णय होण्यापूर्वी आणखी एका शक्यतेचा विचार व्हावा, यासाठी हा प्रपंच.

निरनिराळे व्यवसाय करणाऱ्यांनी एका जागेत बसून आपापले काम करावे, या पद्धतीला आज ‘को-वर्किंग’ म्हणतात. आपण तिला सामायिक कार्यस्थळ म्हणू. २००५ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ब्रॅड न्यूबर्ग या तरुण संगणक-तंत्रज्ञाने हा प्रयोग केला. नोकरी धरावी तर स्वातंत्र्य जाते आणि स्वतंत्र काम करावे तर सोबत जाते, असा त्याच्यापुढे पेच होता. एका सामूहिक घरातील जागा त्याने आठवड्यातून दोन दिवसांपुरती भाड्याने घेतली, घडीची टेबले मांडली आणि तो वाट पाहत बसला. पहिला महिनाभर कोणी फिरकलेच नाही. पुढे एकेक माणूस येऊ लागला, दुपारचे जेवण एकत्र होऊ लागले. वर्षभरात ती जागा बंद झाली. पण ही कल्पना ज्याला हवी त्याने उचलावी, असे न्यूबर्गने मोकळेपणाने सांगितल्यामुळे ती देशोदेशी रुजली.

याच कल्पनेचा मोठा व्यापारही झाला. २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे निघालेल्या वीवर्क या कंपनीचे मूल्य २०१९ च्या आरंभी ४७ अब्ज डॉलर धरले गेले होते. त्याच वर्षी तिला आपली भागविक्री मागे घ्यावी लागली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढील वर्षी ती त्यातून बाहेर पडली, हेही सांगितले पाहिजे. तिची अडचण समजण्यासारखी आहे. जागा अनेक वर्षांच्या कराराने घ्यायच्या आणि महिन्या-दोन महिन्यांच्या बोलीने द्यायच्या. महामारीत बसणारे निघून गेले, घरमालकाचे देणे मात्र राहिले. आपल्या दृष्टीने यातील बोध असा, की या व्यवहारातील सर्वांत जड ओझे जागेच्या भाड्याचे असते, आणि आपल्यावर ते नाही. पूर्वसूरींनी ही वास्तू आपल्या मालकीची करून ठेवली आहे.

तथापि केवळ जागा असून भागत नाही. ओळीने खुर्च्या मांडल्या की माणसे शेजारी बसतात, पण शेजारी होत नाहीत. ते कशाने होतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्यातील ज्येष्ठांना दादरच्या छबिलदास शाळेचे नाव ठाऊक आहे. अरविंद व सुलभा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. सुलभाताई या शाळेत शिक्षिका होत्या. १९७४ पासून शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. ते नाट्यगृह नव्हते, शाळेचे साधे सभागृह होते. परंतु ‘आविष्कार’ने ती जागा एकट्यापुरती ठेवली नाही. इतर संस्थांनी तेथे यावे, तालमी कराव्यात, नवे काही करून पाहावे, एकमेकांचे पाहून वादही घालावेत, अशी मुभा ठेवली. म्हणूनच एका शाळेचे नाव एका नाट्यचळवळीला मिळाले. आणि त्या संस्थेमागे अरुण काकडे यांच्यासारखा माणूस होता. रंगमंचावरच्या कौतुकापेक्षा व्यवस्थेची कामे पाहण्यात त्यांनी आयुष्य वेचले. किल्ली सांभाळणारा असा कोणी नसेल, तर उत्तम वास्तूही गोदाम होते.

दुसरे उदाहरण चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी असलेल्या चोळमंडल या कलाग्रामाचे. १९६६ मध्ये चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने तरुण चित्रकार व शिल्पकारांनी ते वसवले. चित्रे विकून पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. तेव्हा या मंडळींनी बाटिकचे कापड आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्या पैशातून जमीन घेतली आणि उरलेला वेळ आपल्या चित्रांना दिला. कोणाची शैली कोणासारखी नव्हती. चरितार्थाची काळजी मात्र सर्वांनी मिळून वाहिली. ते ग्राम आजही उभे आहे. समाईक कष्टांनी माणसे जशी बांधली जातात, तशी नुसत्या समाईक आवडीने बांधली जात नाहीत, असे आम्हांस यावरून वाटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यावा. मंडळ मराठी माणसांचे. येथे कामाला बसणाऱ्यांत अन्यभाषक आले तर मराठीपण राहील काय? छबिलदासचाच दाखला घ्यावा. तेथे वावरलेले सत्यदेव दुबे मूळचे बिलासपूरचे. त्यांच्या येण्याने मराठी रंगभूमी उणी झाली नाही, तिला नवी धार आली. आपली भाषा घरात कोंडून टिकत नाही. दुपारच्या चहाच्या वेळी ती सहज कानांवर पडली पाहिजे. ज्या शहराने आपल्याला अन्न दिले, त्या शहरातील मुले आपल्या छताखाली येऊन पोहे आणि थालीपीठ ओळखू लागली, तर त्यात आपले काही जात नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. फुकट देऊ नये, असेच आमचे मत आहे. वीज, इंटरनेट, सफाई आणि चहा यांचा खर्च निघेल एवढी वर्गणी प्रत्येकाने द्यावी. त्याशिवाय महिन्यातून एक दिवस मंडळाचे काही काम करावे: कोणी ग्रंथालयाची सूची करील, कोणी बालवर्गाला चित्रकला शिकवील, कोणी ज्येष्ठांना मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकवील. पैशाने जागा मिळेल. कामाने ती आपली वाटेल.

म्हणून आमची सूचना छोटी आहे. खालचा मजला एक वर्ष भाड्याने देऊ नये. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, तो उघडा ठेवावा. टेबले आपल्याकडे आहेत. चांगले इंटरनेट आणि विजेची आणखी काही बटणे एवढीच नवी खरेदी. किल्ली एका तरुणाकडे आणि एका निवृत्त सभासदाकडे, अशी दोघांकडे असावी. वर्षअखेरीस हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा आणि प्रयोग फसला असे दिसले तर भाडेकरू शोधावा. पहिल्या महिन्यात कदाचित कोणीही येणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोतही कोणी आले नव्हते. तेवढ्यावरून कुलूप लावू नये.

परमुलखात आपल्या माणसांना वर्षातून काही दिवस एकत्र येण्यासाठी जागा असावी, एवढी गरज आपल्या आधीच्या पिढीने ओळखली आणि भागवली. आजच्या पिढीची गरज रोजची आहे. ती भागवण्यासाठी नवी वास्तू बांधावी लागणार नाही. असलेली उघडावी लागेल. कार्यकारिणीने याचा विचार करावा अशी विनंती करून आणि मंडळास शताब्दीच्या शुभेच्छा आजच देऊन आम्ही आपली रजा घेतो.