मनगटावर उलगडणारं अत्तर

मी भिलाईहून बोलते आहे. आजचा विषय जरा चैनीचा वाटेल : फळाफुलांचा सुगंध आणि तळाशी लाकडाचा गंध असलेलं परफ्यूम अंगावर कसं उलगडत जातं. पण लग्नसराईत आपण अशा बाटलीवर हजार-दोन हजार रुपये सहज घालवतो आणि निवड करतो ती दुकानातल्या पहिल्या अर्ध्या मिनिटात. संध्याकाळी घरी तोच वास अनोळखी वाटतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं. आपण थांबलेलो नसतो.

फळ आणि फूल एकत्र, ही कल्पना आपल्याला नवी नाही. कवठी चाफ्याच्या नावातच कवठ आहे. हिरव्या चाफ्याला तर पिकलेल्या फळाचा वास येतो. आणि लाकूड म्हणाल, तर सहाणेवर उगाळलेलं चंदन कोण विसरेल?

परफ्यूममध्ये हे तिन्ही एकदम घातलेले असतात, पण बाहेर पडतात ते एकामागून एक. का? बाटलीत बहुतेक अल्कोहोल असतं, ते ७८ अंशांना उकळतं. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन सुमारे १७६ अंशांना, अनेक फुलांत असणारं लिनालूल सुमारे १९८ ला आणि चंदनातलं सँटालॉल ३०० च्या आसपास. आपलं अंग काही एवढं तापत नाही. पण उडून जाण्याचा क्रम साधारण हाच राहतो.

म्हणून फवारल्याबरोबर नाक लावू नका, तेव्हा अल्कोहोलच झोंबतं. मग पंधरा-वीस मिनिटं लिंबूवर्गी फळं नाचतात. त्यानंतर दोन-तीन तास मोगरा, गुलाब यांचं राज्य. शेवटी उरतं लाकूड, तेही कातडीला अगदी चिकटून.

याचं जुनं आणि नामांकित उदाहरण म्हणजे पॅरिसच्या जाक गेर्लँ यांनी १९१९ साली तयार केलेलं 'मित्सुको'. त्यात वरती बर्गामोट नावाचं लिंबूवर्गी फळ, मग पीच, चमेली, गुलाब आणि तळाला ओकमॉस व वाळा. पीचचा वास गॅमा-अनडेकालॅक्टोन या रसायनाचा. तो जड असल्यामुळे लिंबासारखा पळत नाही, फुलांच्या सोबतीने रेंगाळतो. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं शेवाळासारखं काहीतरी. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंडच म्हणा. आणि वाळा? उन्हाळ्यात कूलरला लावतो त्या ताटीतला, माठात टाकतो तोच. पॅरिसच्या बाटलीचा तळ आपल्या घरात निघाला की नाही!

आता आमच्या भिलाईचं. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. तेव्हा फळांचा थर बघता बघता उडतो आणि बाकीचा वास एकदम अंगावर येतो. डिसेंबरच्या थंडीत तेच परफ्यूम हळूहळू, जवळच्या जवळ दरवळतं. कोरड्या कातडीवर ते कमी टिकतं, तेलकट कातडीवर जास्त. दुकानातल्या कागदाच्या पट्टीला ना ऊब असते ना तेल. म्हणून तिच्यावरचा निकाल अर्धवट.

आणखी दोन गोष्टी, या जास्त महत्त्वाच्या. एक, नाकाला वासाची लवकर सवय होते. आपल्याला येईनासा झाला म्हणजे तो संपला असं नसतं. अशा वेळी आपण पुन्हा फवारतो आणि शिफ्टच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या दम्याच्या माणसाचा जीव गुदमरतो. त्याला बिचाऱ्याला खिडकीशिवाय दुसरा उपाय नसतो. दोन, बर्गामोटच्या तेलातलं बर्गाप्टेन उन्हात कातडीवर चट्टे आणि काळे डाग पाडू शकतं. म्हणून उन्हात जाताना मान-गळ्यावर परफ्यूम मारू नका, कपड्याच्या आतल्या बाजूला मारा.

तेव्हा पुढच्या वेळी काय करायचं? एका मनगटावर एकच वास, एकच फवारा. घासायचं नाही. दुकानातून सरळ बाहेर पडायचं, भाजी घ्यायची, चहा प्यायचा. वीस मिनिटांनी हुंगायचं, दोन तासांनी हुंगायचं आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा. रात्रीचा तो लाकडाचा वास आवडला, तरच दुसऱ्या दिवशी पैसे मोजायचे. कारण वरची फळं पाहुण्यासारखी येऊन जातात. दिवसभर राहायचं असतं ते तळाच्या लाकडासोबत.

करून बघा आणि तुमच्या मनगटावर शेवटी काय उरलं, ते मला जरूर कळवा.