आपल्याच गावच्या पाहुण्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरून कोणी तरी विदुषी येतात आणि आपल्याला चार उपदेशाचे शब्द ऐकवून जातात. यंदा चिटणीसताईंनी घरच्याच बाईला उभे केले आहे. विषयही त्यांनीच दिला : आपल्या वसई-विरार भागात खावे कोठे, हिंडावे कोठे आणि विसावा घ्यावा कोठे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास शिकले तो शाळेत थोडा आणि पायांनी पुष्कळ. पण लग्न होऊन या मुलखात आल्याला तेवीस वर्षे झाली. तेवढ्या काळात जे पाहिले आणि चाखले, ते सांगायला मला संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रथम विसाव्याबद्दल बोलते, कारण खरी अडचण तेथेच आहे. सहल म्हटली की पुरुषमाणसांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो आणि आपल्या डोळ्यांपुढे डबे येतात. पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या, बटाट्याची भाजी करायची. तेथे पोचल्यावर सतरंजी आपणच अंथरायची, वाढायचे आपणच आणि खरकटे डबे पिशवीत कोंबून परत आणायचे तेही आपणच. याला मी सहल म्हणत नाही. स्वयंपाकघर गाडीत घालून हिंडवून आणणे, एवढेच ते. म्हणून माझा पहिला नियम असा की, ज्या दिवशी हिंडायला जायचे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. जेथे जाऊ तेथले, तेथल्या माणसांनी केलेले खायचे आणि त्याचे पैसे मोजून द्यायचे.

दुसरी अडचण अशी की, आपल्याला आपला तालुका ठाऊकच नाही. विरारहून मुंबईला पहिली लोकल गाडी १८६७ साली सुटली. तेव्हापासून या गावांची ओळख म्हणजे स्टेशन, असेच जणू होऊन बसले आहे. घर, स्टेशन, शाळा, बाजार एवढ्यात आपली वर्षे जातात. आपल्या मंडळातच पाहा ना. कोणी साताऱ्याची, कोणी रत्नागिरीची, कोणी खानदेशची. दोघीतिघी उत्तरेकडच्याही आहेत. प्रत्येकीला आपले माहेर आठवते आणि राहते गाव मात्र फलाटासारखे वाटते. पाहुणे आले की त्यांना आपण महालक्ष्मी, राणीचा बाग दाखवायला मुंबईला नेतो! वास्तविक रुळांच्या पश्चिमेला समुद्र आणि वाड्या, पूर्वेला डोंगर आणि अरण्य, असा दोन्ही हातांनी भरलेला हा मुलूख आहे.

किल्ल्यापासून सुरुवात करते. वसईचा किल्ला १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो जिंकला, हे आपण सर्वजणी शाळेत शिकलो. येथल्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्यांतली एक आजही नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे, हे मला मात्र नाशिकला गेल्यावर कळले. पहिले भारतीय संत गोन्सालो गार्सिया हे वसईचेच. १५९७ साली जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले गेले. किल्ल्यात त्यांच्या नावाचे चर्च आहे आणि नागेश्वराचे देऊळही आहे. सकाळी नऊच्या आत जावे. वडाच्या सावल्या, पडक्या कमानी, पक्षी, आणि दर्या दरवाजाकडे गेले की कोळीवाड्यातल्या सुक्या मासळीचा वास. काहींना तो सोसत नाही. मला त्यावाचून किल्ला पाहिल्यासारखे वाटत नाही. दुपारनंतर मात्र तेथे लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांची एवढी गर्दी होते की, कोणत्याही भिंतीला टेकावे तर कोणी तरी "काकू, जरा बाजूला" म्हणतेच.

आता मी जेथे रमते तेथे येते, म्हणजे वाड्यांत. गास, गिरीज, निर्मळ, वाघोली, भुईगाव हा पट्टा ज्यांनी चालत पाहिला नाही त्यांनी वसई पाहिली नाही, असे मी धिटाईने म्हणते. केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा, भाजीपाला. आपल्या दारी सकाळी फुले घेऊन येणाऱ्या आजी तिकडच्याच. त्या आज या सभेत बसल्या आहेत, म्हणून नाव न घेता सांगते. चार वर्षांपूर्वी त्यांनी मला आपल्या वाडीत नेले. थंडीचे दिवस होते. त्यांच्या शेजारणीने, त्या वाडवळ समाजाच्या, उकडहंडी केली होती. वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी असा थंडीतला सगळा भाजीपाला मसाला लावून मडक्यात भरायचा आणि वाफेवर शिजू द्यायचा. आपल्या घाटावरच्या बायका भाजीत पाण्याचा तांब्या ओततात, मीही ओतत असे. त्या मडक्यात भाजीच्या अंगचा रस राहतो, त्याची चवच निराळी. आजी स्वतः कुपारी ख्रिस्ती. त्यांच्याकडे नाताळात फुगे आणि इंद्याल असते, आणि दारोदार ख्रिस्तजन्माचे गोठे मांडतात. ते पाहायला कोणीही जावे, कोणी नाव-गाव विचारीत नाही.

निर्मळला तलाव आहे, त्याच्या काठी शंकराचार्यांचे मंदिर आहे आणि जवळच होली क्रॉस चर्च. कार्तिक वद्य एकादशीपासून तेथे मोठी जत्रा भरते. जत्रेत सुकेळी घ्यावीत. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची, रात्री दवाला आत घ्यायची, पुन्हा सकाळी मांडायची, असे ते बायकांच्या हातचे कष्टाचे काम आहे. साखरेचा कणही त्यांत घालत नाहीत. भाव ऐकून आपण "एवढे महाग?" म्हणतो, एकदा ते वाळवण राखून पाहावे, मग बोलावे. राजेळीची लागवड आता कमी झाली आहे आणि खरी सुकेळी सहजी मिळत नाहीत.

त्याच वाडीत मी बावखल प्रथम पाहिले. बावखल म्हणजे विहीर नव्हे आणि गावतळेही नव्हे. वाडीच्या पाण्यासाठी पूर्वीच्या लोकांनी खणलेले ते खोलगट जलाशय. पावसाचे पाणी त्यांत साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरी गोड्या राहतात. समुद्र इतका जवळ असताना गोडे पाणी मिळते ते अशा साठ्यांमुळे. पूर्वी त्यावर रहाट चालत आणि पाटाने पाणी केळीला जाई. काठावर बसले की वारा थंड लागतो. माझ्यापुरते विचाराल तर साऱ्या तालुक्यात त्याहून चांगली विसाव्याची जागा मला माहीत नाही.

मी आजींना तसे म्हटले, तेव्हा त्यांनी समोरची एक सपाट जागा दाखविली. तेथेही बावखल होते. राडारोडा टाकून ते बुजविले आणि आता तेथे इमारत उठते आहे. आजी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही लोक आलात, इमारती आल्या आणि आमचे पाणी गेले." भगिनींनो, मी पाहुणी म्हणून गेलेली, मला काय उत्तर सुचणार? मी ज्या इमारतीत राहते तिच्याखाली काय होते हे मी कधी विचारलेच नव्हते, आणि विचारून तरी कोण सांगणार होते! आपणही हौसेने आलो नाही. मुंबईत जागा परवडेना, म्हणून येथे आलो. पण जुलै २०१८ मध्ये कित्येक दिवस आपण पाण्यात होतो, वीज नव्हती, गाड्या बंद होत्या, हे आठवा. पाण्याची जागा बुजविली की पाणी आपल्या जिन्यात येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांना जागे केले. तेच २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये आपल्यातून गेले. त्या वेळी मला वाटे, हा वाडीवाल्यांचा प्रश्न आहे, आपला त्यात काय संबंध. आजींच्या अंगणात बसल्यावर तसे वाटेना.

असो. पुढे चलू.

नालासोपारा म्हटले की लोक नाक मुरडतात. पण तेच प्राचीन शूर्पारक बंदर. पश्चिमेला बुरुड राजाचा कोट म्हणतात तेथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली बौद्ध स्तूप उकरून काढला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही या भागात मिळाले, एक त्या वेळी आणि दुसरा १९५६ साली भुईगावला. बुद्धपौर्णिमेला तेथे पुष्कळ लोक जमतात. एरवी शांतता असते. बरोबर पुस्तक न्यावे.

आगाशीला जाणाऱ्यांनी भुजिंग खावे. कोंबडीचे तुकडे निखाऱ्यावर भाजून मसालेदार पोह्यांत कालवतात. दडपे पोहे खाऊन वाढलेल्या मला आधी ते विचित्र वाटले, पण दुसऱ्या घासाला मत बदलले. शाकाहारी भगिनींनी आगाशीची देवळे पाहावीत. भवानीशंकराचे आहे, जैनांचे मोठे मंदिर आहे.

तेथून अर्नाळा. किनाऱ्यावर सुरूची झाडी आहे आणि समोर बेटावर किल्ला. थोरल्या बाजीरावांच्या वेळचा, १७३७ सालचा शिलालेख त्याच्या दरवाजावर आहे. होडीने जायचे; भरती-ओहोटीची वेळ विचारून निघावे आणि साडी भिजण्याची तयारी ठेवावी. बेटावर कालिकामातेचे देऊळ आणि चहूकडे खारे पाणी असूनही गोड्या पाण्याचे टाके. बेटावर कोळी बांधवांची वस्ती आहे आणि समुद्र दर पावसाळ्यात त्यांच्या घरांपाशी येतो. आम्हा चौघींना एका कोळीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि ओले बोंबील करून घातले. पैसे देताना त्या लाजल्या, पण आम्ही दिलेच.

किनाऱ्यावर एक अनुभव आला तोही सांगते. एका ठिकाणी, नाव घेत नाही, सुरूच्या सावलीत आम्ही बसलो तर तेथला माणूस आला. ही जागा आमच्या ताब्यात आहे, बसायचे तर दिवसाचे पैसे भरा, म्हणाला, आणि वर विचारतो, "बरोबर पुरुषमाणूस कोणी नाही का?" आमच्यातल्या सर्वांत वडील काकूंनी त्याला विचारले, "का रे बाबा, समुद्राला फक्त पुरुषांशीच बोलता येते का?" तो गेला. आम्ही सूर्य मावळेपर्यंत बसलो.

जीवदानीबद्दल मी फार सांगत नाही. तुम्ही सर्वजणी जाताच. एवढेच म्हणते की, नवरात्रातल्या गर्दीऐवजी एखाद्या साध्या दिवशी पहाटे जावे. तेराशेहून अधिक पायऱ्या आहेत, दर शंभरावर बसावे. घरी कोणाला घाई असेल तर असो.

पूर्वेला तुंगारेश्वर. २००३ पासून ते अभयारण्य आहे. श्रावणात महादेवाला गर्दी. ओढ्यात पाय सोडून बसण्यासारखे सुख नाही. पण चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात मुलांना मुळीच पाठवू नका. दरवर्षी तेथे तरुण मुले बुडतात, बंदीचे हुकूम निघतात आणि तरीही मुले चोरून जातात. मुलगा "मित्रांबरोबर कामणकडे चाललो" म्हणाला, तर आईने दोन प्रश्न जास्त विचारावेत.

आणि ज्यांचे पाय रोज दुखतात त्यांनी एकदा वज्रेश्वरीला जावे. ते आपल्या जिल्ह्याबाहेर, भिवंडी तालुक्यात आहे, पण नाते वसईचेच. वसई जिंकली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी तेथल्या देवीला केला होता, असे सांगतात. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. मार्च २०२३ पासून एस. टी. मध्ये बायकांना अर्धेच भाडे पडते, म्हणजे जाऊन-येऊन एकाच बाजूचा खर्च! सकाळची गाडी पकडावी. दुपारी कुंडांवर गर्दी होते.

आता माझी सूचना. अध्यक्षीणबाईंच्या कानावर ती मी आधीच घातली आहे. येत्या मार्गशीर्षात मंडळाने पहिली सहल आजींच्या वाडीत न्यावी. उकडहंडी त्या आणि त्यांच्या शेजारणी करतील, माणशी पैसे आपण आधीच त्यांच्या हाती देऊ. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या सर्वजणी आपल्या या सभागृहात येतील. त्या दिवशी त्यांनी बसायचे आणि पुरणपोळ्या आपण लाटायच्या. आजींनी होकार दिला आहे, फक्त एक अट घातली आहे : बावखलाच्या काठी प्लॅस्टिकचे पेले नेऊ द्यायचे नाहीत. तेव्हा ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसताईंकडे नावे द्यावीत. येताना घरचा एक स्टीलचा पेला आणावा, पायांत चिखलाला चालेल अशी चप्पल घालावी आणि भाजी-फुलांसाठी एक रिकामी पिशवी घ्यावी. डबा कोणीही आणायचा नाही.